नाना, तुमचे पुढचे टप्पे माझ्यामुळं गेले

नाना, हे आत्ताच सांगायचंय. आई जेवायला हाका मारतेय, ताट वाढून ठेवलंय, तरी आत्ताच. अजून एक दिवस थांबले ना, तर मी हे गुळगुळीत करून सांगेन, स्वतःला जरा कडेला सारून, आणि मग ते खोटं होईल.

आणि इथंच सांगतेय, या पेजवर, जिथं मी कॉम्प्युटरच्या खटपटी लिहिते. चूक इथंच मिरवली होती ना मी. मग कबूल पण इथंच करायला पायजे.

तुम्हाला न ओळखणाऱ्यांसाठी दोन ओळी. नाना म्हणजे पिंपळवंडीतले आमच्या शेजारचे नाना. एसटीत कंडक्टर होते. त्यांचे वडील दरवर्षी दिवाळी झाली की मेंढरं घेऊन नाणेघाट उतरून कोकणात जायचे, पार खाडीपर्यंत, चालत. नाना लहानपणी त्यांच्यासोबत चालले. पुढं मेंढरं विकली, सगळे शेतीला लागले, नाना एसटीत गेले. ती वाट पायांनी माहीत असलेली माणसं दोनच उरली होती, एक नाना आणि एक त्यांची तळेघरला दिलेली मोठी बहीण, भागूआजी. नानांना ती वाट लिहून ठेवायची होती. नातवंडांसाठी. एवढंच हवं होतं त्यांना, दुसरं काही नाही.

नाना, तुम्ही तर वही आणली होती. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. मीच नाक मुरडलं.

"वही कशाला नाना? वाळवी लागंल, नाय तर नातवंडं विमानं करतील. कॉम्प्युटरवर लिहा. कायम राहतं."

"कायम म्हंजी किती?"

"कायम म्हणजे कायम!"

"मला सर्विसमधी कायम व्हायला सात वर्षं लागली व्हती पोरी. तुजा कॉम्प्युटर पयल्याच दिवशी कायम?"

आपण दोघं हसलो. तुम्ही वही कपाटावर ठेवलीत. तुमच्या सुनेच्या, कविता वहिनींच्या, भावाचा जुना कॉम्प्युटर घरात आलाच होता, मी त्यात सगळं नवीन टाकून दिलं. आणि आता तो रविवार. हे मला लिहायचंच नाहीये, पण लिहिते.

आपल्याकडं लाईट कशी येते-जाते सगळ्यांना माहितीय. कॉम्प्युटर चालू असताना दोन-तीनदा झटका बसला की सिस्टीम बिघडते, मग काळ्या स्क्रीनवर अडकून बसतो. मी वारूळवाडीच्या कॉम्प्युटरच्या दुकानात नुकतीच कामाला लागलेली, दरवेळी पेनड्राईव्ह घेऊन पळत येणं जमणार नव्हतं. म्हणून मी म्हणलं, नानांच्या कॉम्प्युटरमध्येच दुरुस्ती बसवून टाकते. डिस्कचा एक कोपरा वेगळा काढला, त्यात त्या दिवशीच्या कोऱ्या सिस्टीमची जशीच्या तशी कॉपी ठेवली, आणि चालू होताना येणाऱ्या मेनूत एक ओळ वाढवली. ती ओळ निवडली की कॉम्प्युटर स्वतःच स्वतःला पुसून ती कॉपी परत बसवतो. पेनड्राईव्ह नको, कुणी माणूस नको. हे मी पहिल्यांदाच करत होते. एक आकडा चुकला असता तर तो उठलाच नसता. तो उठला, मेनू आला, आणि मी खुर्चीतून उडीच मारली. ओळीचं नाव मराठीत टाकायला गेले तर नुसते चौकोन दिसले, मग इंग्रजी अक्षरांत टाकलं, 'नाना दुरुस्ती'. तुम्ही बसच्या पाटीसारखं ते एकेक अक्षर लावून वाचलंत.

"ही दोन नावं कसली?"

"वरचं रोजचं. खालचं, हा आजारी पडला तर."

"आन ही आकडे उलटे का पळत्यात?"

"तीस सेकंद थांबतो तो. तुम्ही काही दाबलं नाही तर वरच्यानं चालू होतो."

"म्हंजी गाडी सुटायच्या आदी पॅसेंजरला टाइम देतोय."

"बरोब्बर नाना!"

"आन खालच्या गाडीत बसलो तर कुटं नेती ती?"

"आजच्या दिवसावर. आज जसा हाय तसाच परत होणार. एकदम नवा कोरा."

तुम्ही जरा वेळ बघत राहिलात. मग विचारलंत.

"मग आजच्यानंतर मी जे लिव्हनार, ते कुटं राहनार?"

नाना, एवढा नेमका प्रश्न मला आजपर्यंत दुकानात एकाही गिऱ्हाइकानं विचारलेला नाही. कॉलेजात सरांनी सुद्धा नाही. आणि मी काय करत होते? मोबाईल उभा धरून त्या मेनूचा फोटो काढत होते.

"काय होत नाय हो नाना. जरा बाजूला व्हा ना, तुमची सावली पडतेय स्क्रीनवर."

तुम्ही बाजूला झालात.

उत्तर दोन मिनिटांचं होतं. 'नाना, तुमचं लिहिलेलं दुसऱ्या ड्राईव्हमध्ये ठेवा, ही दुरुस्ती त्याला हात लावत नाही.' बस. फाईल ठेवायची जागा मी तिथंच बदलून देऊ शकले असते. पण मला तो फोटो टाकायचा होता. इथंच टाकला, 'आता नाना स्वतःच डॉक्टर' असं लिहून, आणि खाली कृती, पहिली पायरी, दुसरी पायरी, सगळी. धडाधड अंगठे आले. कितीतरी जणांनी करून बघितलं. फाईली कुठं ठेवायच्या हे त्या कृतीत कुठंच नव्हतं.

तुम्ही सगळं डेस्कटॉपवरच ठेवायचात. "दारात ठिवलं म्हंजी येता-जाता दिसतं." आणि डेस्कटॉप म्हणजे नेमका तोच भाग, जो दुरुस्ती पुसते.

मग तुम्ही लिहायला लागलात. एका बोटानं. तिकिटाला पंच मारल्यासारखं टक, थांबायचं, टक. एसटीचे टप्पे पाडतात तसे मुक्काम पाडलेत, टप्पा एक, टप्पा दोन. मी कधी दुकानातून येताना डोकवायचे, तेव्हा वाचून दाखवायचात. 'टप्पा ४. रान बाभळीचं. विहीर गोड. घरधनीण कडक, पण ताक दिलं.' मी म्हणलं, नाना, कडक कशाला लिहिता, तिच्या नातवंडांनी वाचलं तर? तर म्हणालात, "तिच्या नातवंडांला ठावंच आसंल."

तुमच्या आईला ताप आलेला तो टप्पा वाचताना मात्र तुम्ही थांबलात. दोन मुक्काम तिथंच पडले होते. ज्या शेतात मेंढरं बसवली, खतासाठी शेतकरी बसवून घ्यायचे ना, त्या शेतकऱ्याची लेक दोन्ही दिवस तुमच्या आईच्या उशाला बसून होती. तिचं नाव तुम्हाला आठवेना. 'कपाळावर चट्टा व्हता' एवढंच लिहिलंत. आणि मला म्हणालात, "नाव ईना म्हनून काय झालं, चट्टा तर लिव्हला."

शिमग्याच्या आसपास तुमचा फोन आला. "सायू, आज खाडी दिसली गं! एकेचाळीस टप्पे! संपली वाट!" तुम्ही ओरडतच होता. मी पण ओरडले. म्हणलं, रविवारी येते, प्रिंट काढू. त्या रविवारी आले नाही. पुढच्या रविवारी दुकानात स्टॉक आला. त्याच्या पुढच्या रविवारी मैत्रिणीचा साखरपुडा. पेनड्राईव्ह पर्समध्येच होता नाना, तिन्ही रविवार.

मग ऐन उन्हाळ्यात वारा सुटला, लाईटचा खेळ झाला, कॉम्प्युटर काळ्या स्क्रीनवर अडकला. आणि तुम्ही मला न बोलावता, माझ्या शब्दावर, खालची ओळ निवडलीत.

दुपारी फोन. "पोरी, चाललं की गं! कुणाला हात लावू दिला न्हाई. आकडं पळत व्हतं, मी खालचं धरलं, अर्ध्या तासात गाडी फलाटावर! तुजं लई भारी हाय बग!"

मी फोन स्पीकरवर टाकला. दुकानाच्या मालकांना ऐकवलं, समोर उभ्या गिऱ्हाइकाला ऐकवलं. "बघा, पंचाहत्तरीच्या माणसाला जमलं." तिकडं तुम्ही बोलता बोलता बहुतेक स्क्रीनकडं बघत होता. कारण मधेच गप्प झालात.

"सायू..."

"बोला ना नाना."

"न्हाई. काय न्हाई. जेवली का?"

"हो जेवले! नाना, तुमचं नाव टाकू का पेजवर परत?"

"टाक की."

मी टाकलं. 'नानांनी करून दाखवलं' असं. खाली तुमचा खुर्चीतला फोटो.

त्यानंतर पंधरा दिवसांनी नारायणगावच्या स्टँडवर भेटलात. खांद्याला पिशवी, हातात काठी. मी विचारलं कुठं निघाला या गुडघ्यांनी. "बहिनीकडं. नाचनी आनतो." मी म्हणलं, नाचणी काय नारायणगावात मिळत नाय का, जिथं बस सोडते तिथून केवढं चालायचंय, म्हातारपणी हट्ट कशाला. सगळ्यांसमोर ओरडले तुम्हाला. तुम्ही नुसतं हसून म्हणालात, "हितल्या नाचनीला चव न्हाई." पिशवीतून जाड पुठ्ठ्याची वही डोकावत होती. मी बघितली. विचारलं नाही.

मग तुम्हीच गेलात, कायमचे. पाचव्या दिवशी कविता वहिनी म्हणाल्या, "सायू, नानांची ती वाट छापून दे गं. तेराव्याला पोरांना एकेक द्यायची." मी लगेच बसले. डेस्कटॉपवर काहीच नाही. शोधत शोधत डी ड्राईव्हमध्ये गेले, तिथं एकच फाईल. नाव, 'दुसरी फेरी'.

अकरा टप्पे. शेवटची ओळ, 'टप्पा ११. घाटघर. उद्या घाट उतरायचा.'

मला वाटलं एकेचाळीसवाली दुसरी असेल. सगळे फोल्डर बघितले. मग फाईल कधी बनवली ती तारीख बघितली. तुमच्या त्या 'गाडी फलाटावर'वाल्या फोनच्या दुसऱ्याच दिवसाची. म्हणजे एकेचाळीसच्या एकेचाळीस माझ्या दुरुस्तीनं पुसले होते. वहिनी शेजारी उभ्या होत्या, "काय गं, सापडना का?" मी म्हणलं, सापडली, जरा नीट करून देते. खोटंच बोलले.

आणि फाईल डी मध्ये होती. म्हणजे तुम्ही कुणाला तरी विचारलंत, कुठं ठेवलं की पुसलं जात नाही. कुणाला? मी सोडून गावात दुसऱ्या कुणाला तरी विचारलंत. हे एवढंसं, पण सगळ्यात जास्त हेच लागलं.

पुसलेलं परत काढायचा प्रोग्राम लावला. अख्खा दिवस चालला. लाईटबिलाचा अर्धा कागद मिळाला, नातवाच्या वाढदिवसाचा फोटो मिळाला, वरचा अर्धा केक आणि खाली राखाडी पट्टा. वाट नाही मिळाली. त्या जागेवर नवीन सिस्टीम येऊन बसली होती, आणि ती मीच तिथं ठेवलेली.

मग तळेघरला गेले. घोडेगाववरून बस, पुढं वस्तीपर्यंत चालत. तुम्ही ज्या चढावर काठी टेकत गेला असाल तिथं मला, तेवीस वर्षांच्या मुलीला, धाप लागली. भागूआजी ओट्यावर बसल्या होत्या. मी कोण ते सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तूच का ती मशीनवाली?"

"हो आजी."

"बस. पानी पी. आला व्हता तो. दोन दिस राह्यला. वही काडून बसला, म्हनला आक्का, घाटाखालचं सांग, माजं समदं पुसलं गेलं."

"माझ्यामुळं पुसलं गेलं आजी."

"ठावं हाय मला. त्यानंच सांगितलं. आन वर म्हनला, पोरीला कळू द्यायचं न्हाई आक्का. आता कुटं शिकतीया. भ्याली तर हात आखडंल तिचा."

मी तिथंच रडायला लागले. आजींनी समजूत वगैरे नाही काढली. म्हणाल्या, "रडून घे, मंग लिव्ह. मला आटवंल तेवडं सांगते." आणि सांगितलं. नाणेघाट उतरताना बिऱ्हाडाचं घोडं कसं अडलं ते. खाली वैशाखऱ्याजवळचा मुक्काम. टोकावड्याचा ओढा, तिथं नानांची टोपी वाहून गेली आणि नाना टोपीमागं पाण्यात. "मारला व्हता बाबांनी त्याला, लिव्ह ते बी." तुमचे अकरा धरून चौदा टप्प्यांपर्यंत आल्या आणि थांबल्या.

"पुढचं?"

"पुढं माजं लगीन झालं. मंग बाबांनी मुरबाडापासनं वाट बदलली. ती नवी वाट मी न्हाई चालले. ती त्यालाच ठावं."

"वहीत असंल ना आजी? वही कुठाय?"

"वहीत मी सांगितलेलंच हाय गं. बाकीचं म्हनला, मला याद हाय, घरी जाऊन निवांत लिव्हतो."

वही वहिनींकडं सापडली. खरंच तेवढंच आहे.

नाना, आता भांडायचंय तुमच्याशी. तुम्ही सांगायला हवं होतं. त्या फोनवर 'सायू' म्हणून थांबलात ना, तिथंच एक शिवी हासडायला हवी होती. मी पळत आले असते. त्या दिवशी, लगेच, काही लिहायच्या आत डिस्क बाहेर काढली असती तर कदाचित थोडं तरी निघालं असतं. नाही तर निदान शेजारी बसून तुम्ही सांगितलं असतंत आणि मी टाइप केलं असतं. माझी बोटं किती पळतात तुम्हाला माहितीय. एकेचाळीस टप्पे आठवड्यात झाले असते. तुम्ही एका बोटानं परत एकपासून सुरू केलंत, आणि मी शेजारच्या घरात होते.

आणि हात आखडायलाच हवा होता माझा, एकदा तरी. तुमच्या कॉम्प्युटरनंतर मी तीच दुरुस्ती किती जणांच्या कॉम्प्युटरमध्ये बसवली, तशीच, मिरवत. काल सगळ्यांना एकेक करून फोन केले. एक फोटो स्टुडिओवाले म्हणाले, "हा, गेले व्हते की एका लग्नाचे फोटो. आमाला वाटलं आमच्याच हातनं काय झालं." कुणीच माझ्यावर आळ घेतला नव्हता. तुमच्यासारखंच सगळे.

रागवलेय मी तुमच्यावर, आणि त्याच दमात असं पण वाटतंय की माझ्या अख्ख्या आयुष्यात माझ्या हाताची एवढी काळजी कुणी केली नसेल. स्वतःच्या बापाची वाट गेली, आणि तुम्हाला फिकीर काय, तर पोरगी भिईल. हे दोन्ही एकत्र कुठं ठेवायचं मला समजत नाहीये.

आज सकाळी वहिनींना खरं सांगितलं. त्यांनी हातातलं निवडणं बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हणून का ते रोज दुपारी दार लोटून बसायचे." आणि उठून आत गेल्या. परत बाहेर आल्या नाहीत. मी थांबले जरा वेळ, मग घरी आले.

तेराव्याला चौदा टप्पे छापून देणार आहे. कशामुळं चौदाच, ते खाली माझ्या नावानं लिहिणार आहे.

आणि वाचणाऱ्यांनो, तुमच्यापैकी ज्यांनी माझी कृती बघून ती ओळ मेनूत टाकलीय, त्यांनी हे वाचणं थांबवा आणि आधी तुमच्या फाईली दुसऱ्या ड्राईव्हमध्ये आणि एका पेनड्राईव्हवर घ्या. घरात कुणी म्हातारं माणूस तो कॉम्प्युटर वापरत असेल तर त्यांना शेजारी बसवून दाखवा, ती ओळ दाबल्यावर काय जातं आणि काय राहतं. जुनी पोस्ट मी काढणार नाही, तिच्यावरच हे सगळं लिहिणार आहे.

झालं का ओ तुमच्या बाबतीत असं कधी? तुमच्या हातून कुणाचं काही कायमचं गेलं, आणि त्या माणसानं तुम्हाला कळूच दिलं नाही, नुसतं 'जेवली का' विचारलं, आणि तुम्हाला कळलं तेव्हा ते माणूसच नव्हतं? झालं असेल तर सांगा. खरंच सांगा. मग तुम्ही माफी कुणाकडं मागितलीत?